आयर्लंडमध्ये माउंटन बायकिंग: पहिल्याच फटक्यात ३५ किलोमीटरचा लूप करावा का?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत नाशिकहून डब्लिनला आलोय. कंपनीने डंड्रमजवळ घर शोधून दिलं, पाऊस आपोआप मिळाला. दोन महिने खिडकीतून बाहेर बघण्यात गेले. आता एप्रिल संपत आला, रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि पाय शिवशिवायला लागलेत.

नाशिकला दर रविवारी सायकल असायची. त्र्यंबक, तिथून घोटी, मग हायवेने परत असे ९०-९५ किलोमीटर आरामात व्हायचे. त्यामुळे दम आहे असं मी समजतो. डोंगरातली सायकल मात्र कधी केली नाही. पांडवलेण्यांच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर गेलो असेन तेवढंच.

ऑफिसमधला एक आयरिश सहकारी म्हणाला, लिमरिक-कॉर्कच्या सीमेवरच्या बॅलीहूराच्या डोंगरात जा. नकाशा पाहिला तर तिथे एकातून एक निघणारे लूप, म्हणजे निघालो तिथेच परत आणणारे ट्रेल, दिसतात. ग्रीनवुड ६ किलोमीटर, माउंटरसेल १७, गॅरन ३५, स्ट्रीमहिल ४१ आणि कॅसलपूक ५१. जूनच्या बँक हॉलिडेला बायकोला घेऊन जावं आणि थेट गॅरन करावा असा बेत आहे. ६ किलोमीटरसाठी एवढ्या लांब कोण जाणार? बायकोने शाळेत असताना ओझरला रोज सायकल चालवली आहे, त्यानंतर नाही.

प्रश्न असे:
१. बेत बरोबर आहे का?
२. गाडी नाही. लुआस (इथली ट्राम) किंवा बसमध्ये सायकल नेता येते का?
३. 'बाइक टू वर्क'मधून (नोकरदारांना करसवलतीत सायकल मिळते ती योजना) आत्ताच चांगली सायकल घेऊन टाकू का?
४. पाऊस असेल तर लोक काय करतात?

आगाऊ धन्यवाद.

---

पोर्टलीशचा पाटील

धागा काढल्याबद्दल आभार, इथे आपली माणसं सायकलवर फार बोलत नाहीत.

बॅलीहूरा ठीकच आहे, पण आमची स्लीव्ह ब्लूमची डोंगररांग विसरू नका. २०२० मध्ये ट्रेल सुरू झाले. एक टोक ऑफली काउंटीत किनिटीला, दुसरं लीश काउंटीत बॉनरेला. बाकी देश समुद्राकडे पळतो, त्यामुळे इथे मधल्या भागात गर्दी त्या मानाने कमी. निळे, म्हणजे मध्यम दर्जाचे ट्रेल आहेत, नवख्याला झेपतात. मी पहिल्याच दिवशी लालवर, म्हणजे अवघड ट्रेलवर, गेलो होतो, काही झालं नाही. घाबरू नका, ३५ मारा बिनधास्त. त्र्यंबक-घोटी करणाऱ्याला काय अवघड आहे!

---

कळंबा ते किल्मॅलक

पाटील, माफ करा, पण हा सल्ला मनावर घेऊन कोणी गेलं तर त्याला आणायला मलाच जावं लागेल. बॅलीहूरा माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

गोदाकाठचा, आधी एक करा. किलोमीटर विसरा. रस्त्यावरचे ३५ आणि सिंगलट्रॅकवरचे (एका सायकलपुरत्या अरुंद वाटेवरचे) ३५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमचे ९० किलोमीटर चार-साडेचार तासांत होत असतील. मी गॅरन पहिल्यांदा पूर्ण केला तेव्हा पावणेचार तास लागले होते, आणि तेव्हा मला तिथे जाऊन दोन वर्षं झाली होती. 'पूर्ण केला' म्हणतेय, कारण त्याच्या आधीचा एक प्रयत्न वेगळाच झाला. तो सांगतेच.

२०१६ चा सप्टेंबर. मी, नवरा आणि त्याचा एक मित्र. माझाही हिशोब तुमच्यासारखाच होता. कोल्हापूर-ज्योतिबा चढलेली बाई मी, मला कोण काय शिकवणार? पहिले दहा किलोमीटर मस्त गेले. नंतर एका उतारावर, जंगलात, सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची दोन मुळं आडवी आली. ओली मुळं. साल निघालेलं मूळ ओलं झालं की त्यावर शेवाळ नसतानाही टायर साबणावरून गेल्यासारखा सरकतो. मी घाबरून नेमका मुळावरच ब्रेक दाबला. पुढचं चाक डावीकडे, मी उजवीकडे. मला खरचटलं फक्त, पण सायकल गिअरच्या बाजूला पडली आणि हँगर तुटला. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो धातूचा छोटासा तुकडा. तो मुद्दाम मऊ बनवतात, फ्रेम वाकण्यापेक्षा तो तुटलेला परवडतो म्हणून. पण तो तुटला की साखळी लोंबते आणि सायकल म्हणजे नुसती ढकलगाडी.

तिथून खालच्या कच्च्या वनरस्त्याला येऊन मी सायकल ढकलत परत आले. दोन तास चालले असेन. वाटेत एक शेळीवालासुद्धा भेटला नाही. आपल्याकडे डोंगरात कुठेही अडकलात तरी तासाभरात कोणी ना कोणी 'कुठं निघालाय पाव्हणं' म्हणतंच. इथे झाडं, झाडं आणि लांब कुठेतरी करवत चालल्याचा आवाज.

मग तुमचा बेत असा करा.

पहिली फेरी टिकनॉक. तुमच्या घराच्या डोक्यावरच आहे, डंड्रमहून सहा-सात किलोमीटर. नावाचा अर्थच डोंगरावरचं घर. ट्रेल एकेरी आहे, म्हणजे समोरून कोणी येत नाही, आणि नवख्याला हा फार मोठा दिलासा असतो. बराचसा भाग लाल दर्जाचा आहे हे खरं, पण लांबी कमी. मधेमधे वनरस्ता येतो, नको वाटलं तर उतरून सरळ खाली यायचं. वर थ्री रॉक शिखराच्या टॉवरपाशी पोचलात की डब्लिनचा सगळा उपसागर, होथचं टोक आणि पूलबेग वीजकेंद्राच्या त्या लाल-पांढऱ्या दोन चिमण्या (धुराड्या) दिसतात. सध्या गॉर्स फुललाय. ती पिवळी काटेरी झुडपं. उन्हात त्यांच्याजवळून जाताना वास घ्या. ओल्या खोबऱ्याचा येतो. अतिशयोक्ती नाही, अगदी नारळ खोवताना येतो तसा. पहिल्यांदा मला वाटलं कोणी तरी वड्या करतंय.

रंगांबद्दल: हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल अवघड, काळा अतिअवघड. हा दर्जा ट्रेलच्या तंत्राचा असतो, तुमच्या दमाचा नाही. दम तुमच्याकडे आहे. तुमच्याकडे नाही ते म्हणजे ब्रेक सोडण्याचं धाडस. रस्त्याच्या सायकलवाल्यांचं हेच होतं. चढ पळत चढतात, उतारावर दगड होतात. उतारावर बुड सीटवरून उचला, पेडल सपाट ठेवा, ब्रेकवर एकेकच बोट. ब्रेक लावायचा तो मुळाच्या आधी. मुळावर हात सैल, चाक काटकोनात. एवढं एक शिकलात तरी टिकनॉकची फेरी वसूल.

लुआसमध्ये घडीची सायकल सोडून बाकी सायकल चालत नाही, डब्लिन बसमध्येही तेच. डार्टमध्ये (इथली लोकल ट्रेन) गर्दीची वेळ सोडून नेता येते, पण डार्ट डोंगराकडे जात नाही. तुम्हाला सध्या याची गरजही नाही, कारण टिकनॉकला सायकली भाड्याने मिळतात. आधी बुक करा आणि टॅक्सीने जा. चालत चढून दम घालवू नका. गेट संध्याकाळी बंद होतं, वेळ पाटीवर वाचूनच आत शिरा.

'बाइक टू वर्क' आत्ता अजिबात नाही. साध्या सायकलला १२५० युरोची आणि ई-बाइकला १५०० ची मर्यादा आहे, आणि चार वर्षांतून एकदाच मिळते. उगाच घाईने चुकीच्या मापाची सायकल घेतलीत तर चार वर्षं तिच्याशी संसार. तीन वेळा भाड्याने चालवा, तीनही वेळा वेगळ्या मापाची घ्या, मग ठरवा. आमच्या घरात एक अशी सायकल गॅरेजमध्ये टांगलेली आहे. तिच्यावर आता कुंड्या आहेत.

पावसाचं उत्तर सोपं आहे. पाऊस असला तरी जातात. पाऊस नसण्याची वाट पाहणारा इथे म्हातारा होतो. या ट्रेलवर दगड-खडी घालून निचरा केलेला असतो, आपल्याकडच्या लाल मातीसारखा चिखल होत नाही. घाबरायचं ते वाऱ्याला. स्प्रूसची मुळं ओल्या जमिनीत खोल जात नाहीत, ताटासारखी पसरतात, म्हणून मोठ्या वाऱ्यात झाड मोडत नाही, मातीच्या ताटासकट आडवं होतं. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं, मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्यानंतर जंगलं अशी पडली होती की कोणीतरी काड्यापेटी सांडावी. तेव्हा निघण्यापूर्वी ट्रेल उघडा आहे का हे बघायचंच, आणि 'बंद' पाटी असेल तर पाटीपलीकडे जायचं नाही. अर्धवट पडलेलं झाड कधी सुटेल सांगता येत नाही.

बाकी दोघांनी माउंटरसेलचे १७ करा जूनमध्ये. बायकोला ६ वाला आधी करू द्या. आणि तिला 'तुला जमेल ना' असं विचारू नका, काय ते तिला कळतं.

---

न्यूरीला गेलेला

किल्मॅलकच्या ताई, अनुमोदन. माझे दोन पैसे.

कोणीतरी तुम्हाला रॉस्ट्रेव्हर नक्की सुचवेल. ट्रेल अप्रतिम आहे, कार्लिंगफर्ड लॉख खाली निळंशार दिसतं, वर क्लॉमोरचा प्रचंड दगड आहे. दंतकथेतल्या फिन मॅककूलने स्कॉटलंडच्या राक्षसावर भिरकावला म्हणतात, बर्फयुगाने आणून ठेवला असं भूगर्भवाले म्हणतात. पण रॉस्ट्रेव्हर उत्तर आयर्लंडमध्ये आहे. म्हणजे युके. रस्त्यावर चौकी नाही, कोणी अडवत नाही, फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांत जातात आणि तुम्ही देश बदललेला असतो. भारतीय पासपोर्टवाल्याला तिकडे युकेचा व्हिसा लागतो, इथलं आयआरपी कार्ड (राहण्याचा परवाना) त्यासाठी चालत नाही. 'कोण बघतंय' हा आपला आवडता युक्तिवाद आहे, पण तिकडे हात मोडला आणि हॉस्पिटलात नाव सांगायची वेळ आली की बघणारे बरेच निघतात. मी व्हिसा हातात येईपर्यंत सात महिने थांबलो, मगच गेलो.

अवांतर: मित्राची पुण्याहून आलेली बायको तिथे म्हणाली, सिंहगडला पार्किंगचे एवढे पैसे घेतात, इथे निदान सायकल धुवायला नळ तरी आहे.

---

पोर्टलीशचा पाटील

बरं बरं, ३५ चा सल्ला मागे. लाल ट्रेलवर काही झालं नाही म्हणालो त्यात 'कोपर सोडून' एवढं जोडा.

---

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. बेत बदलला.

दोन शंका. एक, टिकनॉकच्या वर विक्लो वे दिसतो नकाशात, रस्ता सुंदर वाटतोय, तिथून सायकलने खाली ग्लेनडालॉखपर्यंत जाता येईल का? दोन, ऑफिसात कोणी तरी टिक चावण्याबद्दल बोलत होतं. टिक म्हणजे गोचीड ना? माणसाला?

---

कळंबा ते किल्मॅलक

विक्लो वे चालणाऱ्यांचा. सायकल चालत नाही. हे नीट समजून घ्या, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची इथेच चूक होते. आपल्याकडे पायवाट दिसली की निघायचं, वाटेत वाडी लागली तर पाणी मागायचं. इथे तसा हक्क नाही. डोंगर उघडा दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो, मेंढ्या कुणाच्या तरी असतात. जंगलांपैकी मोठा भाग सरकारी वनकंपनीकडे, देशाच्या साधारण ७ टक्के जमीन. नाव लिहितात कोइल्टे असं काहीतरी, म्हणतात क्वील्चा. त्यांच्या जंगलातही सायकलसाठी आखलेल्या ट्रेलवरच चालवायची. चालणाऱ्यांची वाट, विशेषतः दलदलीवरची, सायकलच्या चाकाने एकदा कापली की पाणी त्या खाचेतून वाहतं आणि खाच दर पावसाळ्यात, म्हणजे दर आठवड्याला, खोल होते.

टिक म्हणजे गोचीडच, पण तिळाएवढी. गवतात, ब्रॅकनच्या नेच्यात. बॉर्डर कॉलीला लागते तशी माणसालाही. चावली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, तेल-काडी काही लावायचं नाही. नंतर तिथे लाल गोल पसरायला लागला तर डॉक्टरकडे जायचं, लाइम रोग असू शकतो. घरी आलं की गुडघ्यामागे आणि कमरेला बघायचं. आमच्या सासूबाई हे ऐकून 'म्हणजे आंघोळ करायची' म्हणाल्या. तेवढंच.

आणि पडून उठता आलं नाही तर ११२, त्यांना 'माउंटन रेस्क्यू' म्हणा. सगळे स्वयंसेवक असतात, आपापली नोकरी सोडून येतात.

बॅलीहूराला येताना गाडीची काळजी नको. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून कॉर्कच्या गाडीने चार्लव्हिलला उतरा, मी स्टेशनवर येते. सायकली तिथे ट्रेलवरच भाड्याने मिळतात.

---

गोदाकाठचा

वृत्तांत. शनिवारी टिकनॉक झालं.

सकाळी ऊन, अकराला पाऊस, साडेअकराला परत ऊन. सायकली दिल्या त्या पोराने आधी चेहऱ्याकडे बघितलं, मग सीट चार बोटं खाली केली. मला ते अपमानास्पद वाटलं. पहिल्या उतारावर कळलं का केलं ते.

चढ झाला. ताई म्हणाल्या तसंच, दम पुरला. वर थ्री रॉकला वारा एवढा की टॉवरच्या तारा वाजत होत्या. चिमण्या दिसल्या. खोबऱ्याचा वास आला! मी ओरडून बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मला मघाशीच आला, तू हँडल बघत होतास.

उतारावर मात्र मी तिसऱ्या वळणाला गॉर्समध्ये. मुळावर नाही, मुळाच्या आधीच्या सपाट जागी, म्हणजे मूळ येणार या भीतीने. ग्लोव्ह्ज होते म्हणून बरं, तरी मनगटातून अजून काटे काढतोय. बायको मागून आली, मला वळसा घातला, 'ब्रेक सोड' म्हणाली आणि गेली. ती खाली पोचून चहा संपवून बसली होती. ओझरच्या शाळेचा रस्ता कसला होता कुणास ठाऊक.

खाली पायऱ्यांवर बसून बघितलं तर तिच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ. एका माणसाने कौतुकाने 'फेअर प्ले' म्हटलं. हे तिला, मला नाही.

जूनचं पक्कं. ६ आणि मग १७. ती १७ चं आधी करू म्हणतेय.

आणखी एक. ताईंची गोष्ट वाचून मी हँगर विकत घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, कुठल्या सायकलचा? म्हटलं, अजून भाड्याने घ्यायची आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

---

कळंबा ते किल्मॅलक

अहो, हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो! भाड्याच्या सायकलला निघताना त्यांच्याकडेच मागायचा. आता काटे काढायला चिमटा घ्या, दुकान तेच असेल तर पुढच्या गल्लीतून जा. गाडी किती वाजताची ते कळवा.